मंजिरीवरची घंटा

१

दिराने भावजयीचं मनगट भर माणसांत धरावं, तेही पूजेच्या वेळी, असं भाटकरांच्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. हरिश्चंद्राने केलं. त्याला आठ दिवस होऊन गेले तरी सोनूबाईचा पारा उतरायला तयार नव्हता.

"मी काय चोरी करायला गेले होते?" हा सवाल ती सुनेला, उमाला, रोज नव्याने टाकायची. "घंटा टांगलेली दिसली, हात वर गेला. देवळात शिरताना तुझा जात नाही? तर हा मेला धावत आला नि मनगट धरलंन. 'वहिनी, घंटा वाजवायची नाही!' म्हणे. जहाज काय याच्या बापाचं? याचा बाप माझा सासरा होता, त्याची साधी होडीसुद्धा नव्हती."

जहाज म्हणजे मंजिरी. नौदलाची जुनी लाकडी बोट. समुद्रातले सुरुंग काढायचं काम तिने चाळीस वर्षं केलं आणि म्हातारपणी, त्र्याऐंशी साली, ती रत्नागिरीला आली. मिऱ्याच्या बाजूला खाडीच्या चिखलात खांबांचे टेकू देऊन तिला उभी केली होती. नौदलातून निवृत्त झालेल्या सात-आठ जणांनी मंडळ काढलं. दर रविवारी ही माणसं यायची, फळ्या खरवडायची, तेलपाणी करायची, रंग द्यायची, आणि शाळेची पोरं आली की त्यांना सुकाणू फिरवून दाखवायची. पगार कोणालाच नाही. या सगळ्यांचा म्होरक्या हरिश्चंद्र.

सोनूबाईचा मंजिरीवर हक्क वेगळा होता. तिचा नवरा, दाजी, याच बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. पहिली दोन वर्षं बोटीची घंटा पुसायचं काम त्याच्याकडे होतं. दाजी जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणून खंडेनवमीला बोटीवर पूजा असली की सोनूबाई जायची आणि घंटेला हळदकुंकू स्वतः लावायची. विधवेने कुंकू लावावं का, असं कोणी म्हणायच्या आत ती लावून मोकळी झालेली असायची, आणि मागाहून विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

यंदाही तिने लावलं. अंगठा घंटेवर दाबला तो किंचित आत गेला. तिथे लहानसा पोचा होता, त्यात कुंकू साठून राहिलं. 'तू पण म्हातारी झालीस गो,' असं ती घंटेला मनातल्या मनात म्हणाली, आणि सवयीने तिचा हात दोराकडे गेला. मग ते मनगट धरणं.

"आधी पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला पांढरा गणवेश घालून, पदकं लावून यायचा," सोनूबाई आज पुन्हा सुरू झाली. "तीन वर्षं झाली, लेंग्यात येतो. गणवेश होत नाही म्हणे अंगाला. अंगावर गणवेश नाही आणि हुकूम मात्र—"

तेवढ्यात उमा विहिरीवरून आली आणि पदराआड काहीतरी लपवू लागली.

"दाखव."

उमाने पितळी तांब्या पुढे केला. कठड्यावर आपटून त्याच्या पोटाला चांगला अंगठाभर पोचा आला होता.

सोनूबाईने तोंड उघडलं, पण तिला बोलायला मिळालं नाही. अंगणात काशीराम उभा होता. पळत आलेला, पायांत वहाणा नाहीत.

"आये," तो म्हणाला, "मंजिरीवरची घंटा नाय."

२

काशीराम मंजिरीचा राखणदार. राजापूरच्या आतल्या गावातला, भाताच्या खाचरात वाढलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी मंडळ राखणदार शोधत होतं, तेव्हा सोनूबाईने सांगितलं होतं, "हा माझ्या बागेत पाच वर्षं आहे. पडलेला आंबा मला विचारल्याशिवाय उचलत नाही. याला ठेवा, शब्द माझा." त्या शब्दावर त्याला ठेवलं होतं.

शनिवारची सकाळ. सोनूबाई फळीवरून बोटीवर चढली तेव्हा वर पंधरावीस माणसं जमली होती. पुढच्या डोलकाठीजवळ जिथे घंटा असायची, तिथे नुसता लोखंडी आकडा लोंबत होता.

हरिश्चंद्र कठड्याला टेकून उभा होता. साठीचा, ताठ, पण आज त्याचा चेहरा भिजलेल्या कागदासारखा झाला होता. त्याच्या बाजूला मंडळाचे चिटणीस गोपाळकृष्ण आठल्ये मास्तर. त्यांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदू काढून दहाच दिवस झाले होते.

"उद्या दहा वाजता कप्तानसाहेब येणार," मास्तर हात चोळत म्हणाले. "आणि आज ही घंटा नाही! काय तोंड दाखवायचं त्यांना?"

कप्तानसाहेब म्हणजे मंजिरीवरचे शेवटचे साहेब. आता पुण्याला असत.

"काल तिन्हीसांजेला होती," काशीराम म्हणाला. "मी तासभर जेवायला घरी गेलो. फाटकाला कुलूप लावलं होतं मी. परत येऊन खोपीत निजलो, वर काय आलो नाय. सकाळी वर येतोय तं आकडा रिकामा."

"कुलूप फोडलेलं नाही," कोणीतरी म्हणालं.

"आणि चिखलातून कोणी चढला म्हणावं, तर फळीवर पायाचा एक डाग नाही," दुसरा म्हणाला.

मग हरिश्चंद्र बोलला. खाडीकडे बघतच बोलला.

"किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक मास्तरांकडे, एक काशीरामकडे."

एवढंच. पण ते बोलणं हवेत तसंच राहिलं, आणि सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच माणसाकडे वळल्या. हरिश्चंद्र बोटीचा म्होरक्या, मास्तर म्हणजे मास्तर. उरला कोण?

काशीरामने सोनूबाईकडे पाहिलं. त्या नजरेत रडणं नव्हतं, आर्जव नव्हतं. आपल्यामुळे हिचा शब्द गेला, याचीच लाज होती.

"पोलिसांत उद्या, साहेब गेल्यावर," हरिश्चंद्र म्हणाला. "आधी बोभाटा नको."

सोनूबाईने कोणाशी वाद घातला नाही. ती रिकाम्या आकड्याखाली जाऊन उभी राहिली. घंटेच्या जिभेला बांधलेला पांढरा दोर, जो धरून घंटा वाजवतात, तो शेजारच्या खुंटीवर होता. कापलेला नव्हता. सोडलेला होता, आणि सोडून, वेटोळ्यावर सारखं वेटोळं घालून, शेवटचा फेरा मधून काढून खुंटीला अडकवला होता. सणासुदीला गजरा ठेवावा तसा.

"हा कोणी गुंडाळलान?" तिने काशीरामला हळूच विचारलं.

"मी नाय, आये. मी आलो तवा असाच होता."

सोनूबाई त्या दोराकडे बघत राहिली. चोराला एवढी सवड कुठून मिळाली?

३

एसटी स्टँडच्या मागे लवूचं भंगाराचं दुकान होतं. मंजिरी आल्यापासून हा माणूस दर महिन्याला तिच्याभोवती एक फेरी मारून जायचा. घरातली म्हातारी कधी जाते ते बघायला लांबचा पुतण्या येतो तसा.

"ये आये, बस."

"बसायला नाही आले. घंटा कुठे ठेवलीस?"

"म्हणजे सगळ्यांच्या आधी मीच?"

"सगळ्यांच्या आधी काशीराम. तुझा नंबर दुसरा. खूश हो."

लवू हसला. मोडक्या स्टोव्हवर बसला आणि बोटं मोडत म्हणाला, "हे बघ आये, तुझ्याशी खोटं बोलून माझं डोकं ठिकाणावर राहायचं नाही. मला न्यायचीच असती तर ती पितळी घंटा कशाला? खाली इंजिनखान्यात तांब्याचे पाइप आहेत, माझ्या दंडाएवढे. खंडेनवमीला मी पेढा घ्यायला आलो होतो, तेव्हा घंटेला हात लावून बघितलाय. हलकी. तिच्यासाठी कोण तुरुंगात जाईल?"

"आणि पाइपांसाठी जाशील?"

"जायचो नाय, पण विचार तरी करीन." मग तो गंभीर झाला. "दोर सोडलेला होता म्हणतात. आम्ही सोडत नाय कधी. कोयता हाणायचा नि चालू पडायचं. बारा वर्षं या धंद्यात आहे, कोणाची गाठ सोडल्याचं आठवत नाय मला."

हे मात्र सोनूबाईला पटलं. लवूला लुच्चा म्हणता आलं असतं, नेटका म्हणता आलं नसतं.

मास्तरांच्या ओटीवर ती गेली तेव्हा मास्तर आरामखुर्चीत पट्टी सावरत बसले होते.

"मास्तर, तुमचं नि हरिश्चंद्राचं वाजलं होतं ना? बोट कुजतेय, वस्तू शाळेत हलवा म्हणून?"

"वाजलं होतं. आजही माझं तेच म्हणणं आहे." मास्तर सावरून बसले. "म्हणून काय मी चोरून हलवीन? आणि कशी? डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही सांगितलंय. शिंकसुद्धा आली तर नाक दाबून धरतो मी. आणि सोनूबाई, गाठीचं म्हणाल तर माझं जानवं सोडून मला दुसरी गाठ ठाऊक नाही."

"मग काशीरामने नेली म्हणता?"

मास्तरांनी उसासा टाकला. "मी काही म्हणत नाही. पण कागद काय सांगतात ते बघावं लागतं." त्यांनी पेटीतून एक फाइल काढली आणि एका डोळ्याने वाचू लागले. "बोट ताब्यात घेतली तेव्हाची ही यादी. होकायंत्र, पितळी, एक. सुकाणूचं चाक, सागवानी, एक. घंटा, काशाची, एक, सुस्थितीत. दुर्बीण—"

"यादी काय वाचता मला? घंटा मी पाहिली नाही होय?"

"बरं, हे ऐका." मास्तरांनी पोस्टकार्ड काढलं. "साहेबांचं कार्ड. गुरुवारी आलं. 'मंजिरीची घंटा पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने वाजवायची माझी इच्छा आहे. तिचा आवाज अजून कानांत आहे.' मी हे सगळ्यांना वाचून दाखवलं. हरिश्चंद्रांनी कार्ड दोनदा मागून घेतलं हो! डोळे भरून आले होते त्यांचे. आणि शुक्रवारी घंटा गेली. दैव म्हणतात ते हे."

सोनूबाई उठली. दैवावर तिचा विश्वास होता, पण दैव दोर गुंडाळून ठेवत नाही, एवढं तिला माहीत होतं.

४

दुपारभर चालून तिचे तळवे पेटले होते. उमाने परसदाराच्या चिऱ्याच्या पायरीवर तिला बसवलं, तुपाचं बोट लावलं आणि काशाच्या वाटीने पाय घासायला घेतले. ही वाटी सोनूबाईच्या आईची. लग्नात आलेली. घासता घासता तळव्याचं तूप काळं व्हायचं आणि अंगातली आग उतरायची.

"आई, काशीरामने नेली असेल का हो?"

"तुला वाटतं?"

"नाही. पण लोक—"

"लोकांना सकाळी उठून काहीतरी वाटावंच लागतं, नाहीतर चहा जात नाही घशाखाली. नीट घास."

उमाने नीट घासायला म्हणून वाटीवर जोर दिला. बोटं तुपाने माखलेली. वाटी निसटली, पायरीच्या चिऱ्यावर आपटली आणि टण्णकन वाजून तिचे सरळ दोन तुकडे झाले.

उमाने डोळे मिटून घेतले. सकाळी तांब्या, आता वाटी. आज आपलं काही खरं नाही. ती वाट बघत राहिली. पण शब्द येईना. तिने एक डोळा उघडला, तर सासू वाटीचे दोन्ही तुकडे हातात घेऊन त्यांच्या कडांवरून बोट फिरवत होती.

"पोचा नाही आला," सोनूबाई म्हणाली.

"आई?"

"तो सकाळचा तांब्या आण."

उमाने तांब्या आणला. सोनूबाईने एका बाजूला तांब्या ठेवला, दुसऱ्या बाजूला वाटीचे तुकडे. कपाळाला आठी नव्हती, उलट चेहरा असा उतरला होता की उमाला भीती वाटू लागली.

"पितळ पडलं की चेपतं," ती म्हणाली, पण सुनेशी नव्हे. "कासं पडलं की फुटतं. काशाला पोचा कसा येईल? दाजी सांगायचे ना. काशाची घंटा आहे म्हणायचे, पुसताना डावा हात खाली धरूनच ठेवायचो, निसटली तर तुकडेच. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन, आणि मी मूर्ख बाई, त्या पोच्यात कुंकू भरून घरी आले!"

"म्हणजे काय हो, आई?"

"म्हणजे ज्या घंटेला मी कुंकू लावलं, ती मंजिरीची नव्हतीच."

उमाला काही उमगलं नाही. सोनूबाईला मात्र एकामागून एक उमगत चाललं होतं. हलकी पितळी घंटा, जी भंगारवाल्यालाही नको होती. खुंटीवरचा गजऱ्यासारखा दोर. तीन किल्ल्या. साहेबांचं कार्ड. आणि तिचं स्वतःचं मनगट, आठ दिवसांपूर्वी कोणीतरी घाबरून धरलेलं.

सगळं जुळलं तेव्हा तिला वाटलं, जुळलं नसतं तर बरं झालं असतं.

५

ती लग्न होऊन पंधरामाड वस्तीतल्या या घरात आली तेव्हा हरिश्चंद्र आठ वर्षांचा होता. सासू अंथरुणाला खिळलेली. त्याला पेज भरवली हिने, गोवराला कडुनिंबाचा पाला घातला हिने, आणि नौदलात निघाला तेव्हा ट्रंकेवर त्याचं नाव रंगवून घेतलं तेही हिनेच. उद्या हे बोलायचं म्हणजे भाटकरांच्या नावाला आपल्या हाताने काळं फासायचं. गप्प राहिलं तर घरातलं घरात राहील. कोणाला कळणार आहे? काशाची वाटी काय, ती फुटत असते.

संध्याकाळ व्हायच्या आधी काशीरामची बायको, चिमा, आली. एरवी सरळ पडवीपर्यंत येणारी, आज अंगणाच्या बेड्याशीच, बांबूच्या फाटकापाशी, उभी राहिली.

"वर ये गो."

"नको, आये. सांगायला आले. ह्ये गावाला जातो म्हणतायत. सकाळच्या एसटीने."

"पोलीस काही खात नाहीत त्याला."

"पोलिसांचं नाय. तुज्यासमोर उभं राहवत नाय म्हणतायत. म्हणतायत, आयेचा शब्द माज्यापायी गेला." चिमाने पदर तोंडाला लावला. "गेले तर गेलेच मग. लोक म्हणतील, चोर होता म्हणून पळाला. गावात पण तेच आधी पोचंल. पोरगी लग्नाची हाय."

सोनूबाईने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ही बाई काही मागायला आली नव्हती. आताही मागत नव्हती.

"त्याला सांग, सकाळी आठ वाजता मंजिरीवर ये. एसटीत बसलास तर मी स्वतः राजापूरपर्यंत येऊन कान धरून खाली उतरवीन."

हे घरात मिटवायचं की चारचौघांत, याचा विचार ती दिवेलागणीपर्यंत करत होती. पण विचार करण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं. काशीरामला चोर ठरवलं ते कोणाच्या माजघरात नव्हतं ठरवलं.

६

रविवारी आठ वाजता मंडळाची सगळी माणसं बोटीवर होती. पताका लावून झाल्या होत्या. मास्तर पट्टी सावरत उभे होते, लवूही आला होता, त्याला तमाशा चुकवायचा नव्हता. काशीराम सगळ्यात मागे, फळीच्या तोंडाशी.

सोनूबाई सुकाणूजवळच्या पेटीवर बसली. समोर तिने फडकं पसरलं आणि त्यावर पोचा आलेला तांब्या आणि वाटीचे दोन तुकडे ठेवले.

"वहिनी, हे काय?" हरिश्चंद्र म्हणाला. "साहेब येतील दोन तासांत. भांडी कसली मांडता?"

"शाळा मी दुसरीपर्यंत शिकले, भावोजी. मला भांड्यांतलंच कळतं. तेवढं सांगते नि उठते." तिने तांब्या उचलला. "हे पितळ. आपटलं, पोचा आला. हे कासं. आपटलं, फुटलं. मास्तर, तुमच्या यादीत घंटा कशाची?"

"काशाची," मास्तर म्हणाले. आणि मग त्यांचा उघडा डोळा मोठा झाला.

"लवू, तू हात लावलास ती कशाची?"

"पितळी. मी तर आधीच म्हणालो."

"खंडेनवमीला मी कुंकू लावलं, तर माझा अंगठा पोच्यात बसला. काशाला पोचा येत नाही. म्हणजे परवा जी चोरीला गेली, ती मुळात मंजिरीची घंटाच नव्हती. कोणीतरी आधीच बदलून ठेवलेली."

माणसांत कुजबुज झाली. हरिश्चंद्र हलला नाही.

"आता मला सांगा, पितळी नकली घंटा चोरून कोणाला काय मिळणार? विकून काही नाही. ती दिसू नये, एवढंच मिळणार. वाजू नये, एवढंच मिळणार. तीन वर्षं ती वाजली नाही. वाजवायची नाही असा नियम होता. शाळेच्या पोरांना नाही, देवाच्या पूजेला नाही. मी हात लावला तर माझं मनगट धरलं. मला वाटलं माज आहे. माज नव्हता, भीती होती. गुरुवारी कार्ड आलं, की जो माणूस तिचा आवाज कानांत घेऊन फिरतो तोच वाजवायला येतोय. शुक्रवारी घंटा गेली."

"किल्ली तर काशीरामकडे पण—" मागून कोणी म्हणालं.

"काशीराम दोन वर्षांपूर्वी आला. बोट त्याच्या आधी वर्षभर इथे आहे. कोणती घंटा खरी नि कोणती खोटी हे त्याला कोणी सांगितलं? त्याच्या हिशेबी आहे ती घंटाच. आणि तो दोर बघा." तिने खुंटीकडे बोट केलं. दोर अजून तसाच होता. "लवू असता तर कापला असता. मास्तरांना जानव्याशिवाय गाठ येत नाही. काशीराम गुरं बांधणारा माणूस, तो दोर सोडील आणि तिथेच टाकील. चोरी करायला आलेला माणूस, छाती धडधडतेय, कोणी येईल म्हणून कान टवकारलेले, आणि तरी ज्याच्याच्याने दोर जमिनीवर पडलेला बघवत नाही, असा किल्लीवाला इथे एकच आहे. तीस वर्षं नौदलाने त्याच्या हातांना वळण लावलंय. डोक्याने चोरी केली, हातांनी दोर गुंडाळून ठेवला."

खाली चिखलात खेकड्यांची खुसफूस ऐकू येत होती.

हरिश्चंद्राने डोक्यावरची टोपी काढली. पदकं नव्हती, गणवेश नव्हता. सदऱ्यातला एक म्हातारा माणूस.

"बोट आली त्या दिवशी," तो म्हणाला. "बोट ओढून वर घेताना घंटेला धक्का लागेल म्हणून मी ती आधीच काढायला गेलो. एकटाच. दाजीने सांगितलं होतं, डावा हात खाली ठेव. मी नाही ठेवला. नांगर ओढायच्या रहाटाच्या लोखंडावर पडली. वरपासून खालपर्यंत चीर गेली. वहिनी, दाजीने पुसलेली घंटा. मंडळ उभं राहून चार दिवस झाले नव्हते, लोक म्हणाले असते याच्या ताब्यात काय द्यायचं. मी कोल्हापूरहून दुसरी आणून टांगली. वाटलं, कोणाला कळणार."

"आणि ती कुठे आहे आता?"

"खाडीत टाकली."

"ती राहू दे तिथेच. खरी?"

हरिश्चंद्र टोपीची घडी घालू लागला.

"फुटकं कासं आपल्या घरात कोणी टाकत नाही," सोनूबाई म्हणाली. "सासूबाईंच्या वेळेपासून नाही. तीन वर्षं तुम्ही गणवेश घातला नाही. पोट सुटलं म्हणालात. मला तर तुमच्या बरगड्या दिसतात. ट्रंकच उघडायची नव्हती ना? गणवेशात गुंडाळून ठेवलीय तिला?"

त्याने होकाराची मान हलवली. मग त्या ताठ माणसाने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, काशीरामकडे, पण नजर त्याच्या पायांपर्यंतच पोचली.

"वहिनी, साहेब गेल्यावर मी त्याला सांगणारच होतो."

"कधी? पोलिसांच्या गाडीत बसवताना?" सोनूबाई उठली. तिने फडक्यात तांब्या नि तुकडे बांधले, गाठ मारली, आणि दिराच्या समोर जाऊन उभी राहिली. त्याला पेज भरवताना ती अशीच समोर उभी राहायची.

"ऐका, भावोजी. घंटा फुटली ते मी मनावर घेत नाही. माझ्या सुनेने काल वाटी फोडली, मी तिला एक शब्द बोलले नाही. पण काल इथे उभं राहून तुम्ही 'किल्ल्या तीन' म्हणालात नि पाण्याकडे बघत राहिलात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आता घरी जा. ट्रंक उघडा, गणवेश चढवा, ढगळ होवो की घट्ट. फुटकी घंटा घेऊन या नि तुमच्या हाताने इथे टांगा. साहेबांना सगळं सांगा, काशीरामचं नाव घेऊन सांगा. तुमची किल्ली आत्ता द्या, ती माझ्याकडे राहील. आणि यापुढे दर रविवारी पहिला टोल काशीराम देणार. आवाज बद्द येईल, येऊ दे. लोक विचारतील, असा का वाजतो? तुम्ही शेजारीच उभे असाल, तुम्हीच सांगायचं. दोर तेवढा नीट गुंडाळून ठेवा. ते तुम्हाला चांगलं येतं."